वजनकाट्यावर कल्पू

शनिवार, संध्याकाळ

हो हो, मीच ओरडले बॉक्सिंगच्या सरांवर, सगळ्यांसमोर. तलासरीला मॅची होत्या. माझी लेक कल्पू खालच्या वजनगटात बरोबर बसली, मी टाळ्या वाजवल्या. सरांनी काटा बघितलाच नाही. तिचे ओठ बघितले. सुकलेले, पांढरे पडलेले. म्हणाले, "जीभ दाखव." आणि लगेच यादीतून तिचं नाव काढून टाकलं.

मी म्हटलं, "सर, तुम्ही बॉक्सिंग शिकवता की दवाखाना चालवता?" बाकीच्या आया हसल्या. सर हसले नाहीत. "मावशी, अशा अंगाने डोक्यावर ठोसा खाल्ला तर पोरगी उठायची नाही."

मग कल्पूला विचारलं, "पाणी कोणी बंद केलं?" तिने मान खाली घातली. ते चिडले पण नाहीत, घोट घोट लिंबूपाणी पाजत बसले. येताना टमटममध्ये मी चिडवलं, "सर म्हणजे तुझी दुसरी आईच की गं!" तिने तोंड रस्त्याकडे फिरवलं. हिचे बाबा असते तर मला म्हणाले असते, तू गप बस जरा.

चांगला सर म्हणजे जिंकवणारा, असंच मला वाटायचं. हा तर लढायच्या आधीच घरी पाठवतो. मग मला त्याचा राग का येत नाही आता? ते ओठच दिसतात सारखे. कल्पूने नाव नाही सांगितलं माझं.

पाणी मीच बंद केलं, वजन उतरावं म्हणून. कालपासून. रात्री तिने दोनदा मागितलं, आणि मी हंडा उचलून आत ठेवला.