नाल्याच्या अलीकडची नि पलीकडची मुलं

सोम. १२ फेब्रु.
ऑफिसात दोन याद्या शेजारी ठेवून बसले. नाल्याच्या अलीकडे दिल्ली, आमचा भाग. पलीकडे यू.पी.तली नवी वसाहत. आमच्याकडे गोवराच्या लशीचा रकाना खुणांनी भरलेला, पलीकडे बराचसा कोरा. मग हॉस्पिटलातल्या गोवराच्या मुलांचे पत्ते काढले. बहुतेक पलीकडचे. साहेब खूश, "अच्छा है, अपना एरिया ठीक है."
पलीकडे माझ्या धाकट्या बहिणीचा, वंदूचा फ्लॅट आहे. तिची चिऊ अकरा महिन्यांची.

मंगळ. १३
वंदूला फोन. "चिऊला नवव्या महिन्यात गोवराची लस दिलीस ना?"
"ताई, शिफ्टिंगमध्ये राहूनच गेलं गं." मग हळूच, "कालपासून ताप आहे तिला."
वंदूकडे भांडी घासते त्या फूलमतीच्या मुन्नीला अंगभर पुरळ. ती राहते त्या समोरच्या मजुरांच्या झोपड्यांत आणखीही मुलं आजारी.
खूप रागावले वंदूवर. पण लोकांची कार्डं तपासत फिरणारी मी, मी तरी कधी विचारलं होतं?

गुरु. १५
रजा टाकली. ह्यांनी आर. के. पुरमच्या घरून स्कूटरने थेट वंदूकडे सोडलं. डॉक्टरांनी चिऊचं तोंड पाहिलं, अंग पाहिलं, शेवटी कान. "कान में इन्फेक्शन है. खसरा नहीं लगता. दो दिन देखिए."
दोन दिवस!
मुन्नीला मात्र गोवरच. छाती भरलीय, ॲडमिट केलं. फूलमती म्हणत होती, "दीदी, हमें तो किसी ने बताया ही नहीं."

शनि. १७
ताप उतरला. पुरळ नाही. चिऊ पोळीचा तुकडा चघळत बसली होती. वंदू नि मी तिच्याकडे बघत चहा प्यायलो, आणि मग दोघीही रडलो. सुटलो बाई.

बुध. २१
याद्या घेऊन पलीकडच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंकडे. झोपड्यांचा विषय काढला तर म्हणाल्या, "वो तो आपकी तरफ़ आते हैं ना?"
"नहीं मॅडम, हमारी लिस्ट में भी नहीं हैं."
दोघींनी याद्या पुन्हा चाळल्या. एवढे फ्लॅट बांधणारी माणसं, आणि त्यांची मुलं कुठल्याच यादीत नाहीत.
बाई सरळ आहेत. "शनिवार को आइए. नर्स मेरी होगी, लिस्ट आप बनाइए." साहेबही चक्क "बिल्कुल जाओ" म्हणाले.

शनि. २४
सकाळपासून झोपड्यांत. आधी कुणी येईना. मग वंदू चिऊला घेऊन आली, सगळ्यांसमोर चिऊलाच पहिली टोचली. चिऊने जे भोकाड पसरलं! बायका हसल्या, मुलं घेऊन पुढे आल्या. दुपारपर्यंत लिहून हात दुखला.
मुन्नी घरी आलीय. वाळलीय, पण खिचडी मागून खाते.

मंगळ. ५ मार्च
हॉस्पिटलच्या यादीत झोपड्यांतलं नवं नाव नाही. दोनदा पाहिलं. ह्यांना म्हटलं, आज श्रीखंड आणा.
संध्याकाळी वंदूचा फोन. ठेकेदाराने बरीच माणसं दुसऱ्या साइटवर नेली, फूलमतीही गेली. तिच्या धाकटीला पुढच्या महिन्यात लस द्यायचीय, त्या शनिवारी वय कमी पडलं म्हणून ठेवली होती. चौकीदाराला विचारलं, तर "उधर, आगे कहीं."
दिल्लीत की यू.पी.त, त्याला सांगता येईना. उद्या डॉक्टरबाईंना विचारते. नाहीतर रविवारी ह्यांना घेऊन स्कूटरवरून ती साइट शोधायला जाते.