गॅरेजातली उपासना

प्रिय ठमे,

तुझी आई म्हणते, फोन कर. पण फोनवर आपण दोघं दोन वाक्यांत भांडणावर येतो आणि मग ती फोन काढून घेते. म्हणून लिहायला बसलोय. हाताचं ग्रीस नीट निघालेलं नाही, कागदावर डाग पडले तर चालवून घे.

गेल्या रविवारी आपल्या गॅरेजात उपासना झाली. हसू नकोस. मोठ्या चर्चने उपासनेची नवी पद्धत घेतली, आम्ही जुनी सोडायला तयार नव्हतो, तेव्हा इमारत त्यांच्याकडे राहिली आणि आम्ही रस्त्यावर आलो, हे तुला ठाऊकच आहे. तेव्हापासून कुणाच्या ना कुणाच्या बैठकीच्या खोलीत आम्ही गुडघे टेकतोय. आता आसपासच्या आमच्यासारख्याच लहान लहान मंडळ्यांचं एकत्र यायचं ठरलं, तेव्हा जागेचा प्रश्न आला. मी म्हटलं, माझं गॅरेज घ्या. आदल्या दिवशी दुरुस्तीच्या गाड्या ढकलत बाहेर काढल्या, खाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर फळ्या टाकल्या, कामाचं टेबल घासून घासून पांढरं केलं. आईने त्यावर तिची ठेवणीतली चादर अंथरली. डिझेलचा वास मात्र हटेना. आपले म्हातारे पाळकसाहेब आत आले, नाक वर करून म्हणाले, "धूप जरा निराळा आहे, पण चालेल."

पत्र्याखाली गाणं काय घुमलं म्हणून सांगू! माझ्या वडिलांनी ज्या शब्दांत पापांची कबुली दिली, त्याच शब्दांत मी देतो, त्याने मला धीर येतो. तू म्हणतेस, देवाला नवे शब्दही कळतात. कळत असतील. तुला खोटं पाडायला मी हे लिहीत नाही.

प्रभुभोजनाआधी दुसऱ्या मंडळीतले एक मास्तर उठले. माणूस सज्जन, पण मोठ्या चर्चमध्ये त्यांचा फार अपमान झाला, त्याचा राग अजून उतरलेला नाही. त्यांनी सांगितलं, सगळ्यांनी हात वर करून वचन द्यायचं, की त्या दारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही. लग्नाला नाही, मयतालाही नाही. "ज्याला जमणार नाही, त्याने आत्ताच सांगावं!" हात वर जायला लागले. तुझ्या आईचे दोन्ही हात मांडीवरच. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मला चारचौघांत बोलता येत नाही, तुला माहीत आहे. तरी उठलो. म्हणालो, "माझी मुलगी त्याच चर्चमध्ये पाळक होतेय. बाईने वेदीपाशी उभं राहून प्रभुभोजन द्यावं, हे मला मान्य नाही, म्हणून तर मी इथे आहे. पण मुलगी माझी आहे. तिच्या दीक्षेला मी जाणार. तुम्हाला चालत नसेल तर मी बाहेर जातो."

"अहो, गॅरेज तुमचं, तुम्ही कुठे बाहेर जाता?" मागून कुणीतरी म्हणालं. थोडे हसले, मास्तर हसले नाहीत.

पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "आपण विश्वास राखायला निघालोय, लेकरं टाकायला नाही. हात खाली घ्या."

मास्तर आणि त्यांच्याबरोबरचे काही जण उठून गेले. फार लागलं गं. मूठभर माणसं, त्यातही फूट. वर त्यांची गाडी सुरू होईना. मी बाहेर जाऊन बॉनेट उघडलं, बॅटरीची सैल झालेली तार आवळून दिली. त्यांनी नुसती मान हलवली. मग हात धुऊन मी आत आलो आणि गुडघे टेकले.

तू आईला लिहिलं होतंस, बाबांना जड जाणार असेल तर येऊ नका, मी समजून घेईन. समजून वगैरे घेऊ नकोस, मी येतोय. पहिल्या बाकावर बसेन. तुझ्या डोक्यावर हात ठेवतील तेव्हा उभा राहीन. पण तू प्रभुभोजनाची भाकर द्यायला पुढे येशील, तेव्हा मी जागेवरून उठणार नाही. हे तुला तिथे, सगळ्यांसमोर कळू नये, म्हणून आज हे पत्र. माझ्याकडे बघून हात थांबवू नकोस, येईल त्याला देत राहा. उपासना संपल्यावर सगळ्यांशी हात मिळवायला दारात उभी राहशील, तिथेच थांब. मी सगळ्यांच्या शेवटी येईन, म्हणजे मागच्या माणसांसाठी तुला मला लवकर सोडावं लागणार नाही.

न बदललेला, तुझाच
बाबा