चाळीस दाणे

धारवाड, २१ नोव्हेंबर १९८२

चि. कृष्णातास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आमच्या शेती संशोधन केंद्राचे ड्रायव्हर मल्लाप्पा यांच्याबरोबर एक पुडी पाठवली आहे. तीत सोयाबीनचे चाळीस दाणे आहेत. आक्कानं पसाभरसुद्धा पाठवलं नाही म्हणून हसू नकोस. यंदा तांबेरा रोगानं माझी सहाशे झाडं खाल्ली. पानांच्या पाठीवर तांबडी भुकटी धरली आणि सगळी पानं गळाली. एकच झाड शेवटपर्यंत हिरवं राहिलं, त्याचे हे दाणे. निम्मे माझ्या थंड कपाटात, निम्मे तुझ्याकडे. सगळे एका जागी ठेवायची मला भीती वाटते. साहेबांनी बजावलंय, पुढच्या हंगामात रोगाला टिकणारं वाण दाखवलं नाही तर हे काम बंद. सहा वर्षं गेलीत त्यात माझी.

पुडी गार जागी ठेव. आईला जप. लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी आक्का


धारवाड, २ मे १९८३

चि. कृष्णातास,
जयभीम.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे. मी दहा दिवस प्रशिक्षणाला गेले आणि इकडे कपाटाचं यंत्र जळालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझे सगळे दाणे भिजवून पाहिले, एकालाही मोड आला नाही. आता काय आहे ते तुझ्या पुडीत. पोस्टानं नको, कुणाबरोबर नको. महिनाअखेरीला मी स्वतः येते. पुडी ठीक आहे, एवढं कार्डावर कळव. तोवर घास उतरणार नाही.

तुझी आक्का


सदलगा, ९ मे १९८३

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

'पुडी सुखरूप' असं कार्डावर लिहिलं, ते खोटं होतं. तुझ्या रागाला भ्यालो. आई दर उन्हाळ्यात तुरीच्या बियाला एरंडेल चोळून कडक ऊन दाखवते, तुला ठाऊक आहे. यंदा तिनं तुझी पुडीही सोडली, तेल चोळलं आणि दाणे तीन दिवस पत्र्यावर पसरले. मी शाळेचे पेपर तपासण्यात बुडालेलो. तुझं पत्र आल्यावर दहा दाणे ओल्या फडक्यात घातले. ते सगळे कुजले.

आई तेव्हापासून नीट जेवत नाही. बी हाय त्ये, ऊन न्हाय दावलं तर किडा लागंल, म्या वाईट काय केलं, असं सारखं म्हणते. तुला कळवू नको म्हणून तिनं माझा हात धरला. रागाव, पण माझ्यावर रागाव.

तुझा कृष्णात


धारवाड, १३ मे १९८३

ती. आईस,
सप्रेम जयभीम.

कृष्णा हे वाचून दाखवेल. तुला वाचता येत नाही म्हणून मी आजवर तुझ्या नावानं एकही पत्र घातलं नाही, सगळं त्यालाच कळवलं. घरात बियाणं कोण सांभाळतं, हे मात्र विसरले. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ असते, कडक उन्हानं आतला जीव जातो. हे तुला सांगायला हवं होतं. एक दिवस तुझ्यावर फार रागावले, खोटं कशाला बोलू? आता नुसती भीती उरली आहे. ते झाड पुन्हा मिळायचं नाही.

तू जेव. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अंजनी


सदलगा, २१ मे १९८३

चि. अंजनीस,
अनेक आशीर्वाद. आई सांगते तसं कृष्णात लिहितो.

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. आता मी लपवलंय ते सांगती. लोकांच्या रानात राबत हुते तवापास्नं माझी खोड हाय, सगळं बी कदी उन्हात काडायचं न्हाय. पाखरं हायती, वारं हाय. चिमूटभर उतरंडीच्या तळच्या मडक्यात ऱ्हातं. पुडी चाळीसाची, पत्र्यावर तेहतीसच हुती. ह्यो मास्तर पोरांना गणित शिकवतो, पर त्यानं मोजली न्हाईत.

मी गप ऱ्हायले. म्हटलं, ही बी मेली असली तर? सांगून तुला पुन्यांदा रडवू व्हय? तुझं पत्र आलं त्या दिशी सातीच्या साती फुटक्या घागरीत टोचली. काल दोघांनी मान वर काडली. बाकीची अजून न्हाईत.

कोंबड्या हायती, म्हून मी घागरीपास्नं उठत न्हाय. लई भ्या वाटतंय गं. तू बी भितीस म्हनलीस, तवा जरा बरं वाटलं. पानी किती घालू, उन्हात ठिवू का सावलीत, त्येचं कार्ड घाल. माझ्या नावानं घाल.

तुझी आई तानीबाई हिचा अंगठा