जास्तीचे सात टक्के

१२ एप्रिल

पुन्हा अडकलं! मारुतीच्या पारापाशी आलं की गाव थांबतं. गाव म्हणजे मी कॉम्प्युटरमध्ये बांधलेलं – बाबांचं, भूकंपात गेलेलं. काल पिंपळाला पानं लावली आणि ग्राफिक्स कार्डाने हात टेकले. एक पाऊल, थांबा. दुसरं पाऊल, थांबा. बाबा शेजारच्या खुर्चीत, तोंड अगदी स्क्रीनजवळ नेऊन बसलेले. म्हणाले, चालू दे, घाई नाही.

घाई नाही कशी? काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्या दिवशी घरी आल्यावर बाबा चहा पिता पिता म्हणाले, एकदा गाव बघायचं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा गावाचा विषय काढला माणसाने! आजी, आजोबा, सुकन्याआत्या – सगळी त्या रात्री त्या घरात होती. बाबा नोकरीमुळे लातूरला होते आणि मी तेव्हा दुपट्यात. फोटो एकही नाही. जुन्या जागेवर वेड्या बाभळी आहेत. मी बोलून गेले, मी बांधते. बिल्डरांच्या न झालेल्या इमारती रोज झाल्यासारख्या दाखवते, मग होऊन गेलेलं एक गाव नाही का दाखवता येणार?

बोलून गेले खरी.

१३ एप्रिल

मुकुलला फोन केला. कॉलेजात माझी जर्नल्स उतरवायचा, आता नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाला, नवीन कार्ड घे. ते आत्ता शक्य नाही, विषय संपला. मग मीच ओव्हरक्लॉकिंगचं काढलं – कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्डाला जास्त पळवायचं. फुकटचं सॉफ्टवेअर मिळतं. त्यात एक पट्टी असते, ती उजवीकडे सरकवायची. बस.

मुकुल म्हणाला, "अगं, शंभरात पाच-सात टक्के मिळतील. तेवढ्यासाठी कशाला त्याच्या जिवावर उठून राहिलीस?"

पाच-सात टक्के! मला एक टक्काही चालेल.

१४ एप्रिल

सुट्टी. दिवसभर हेच वाचलं. एक म्हणतो काही होत नाही, फार तापलं की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. दुसरा म्हणतो आयुष्य घटतं. तिसऱ्याने जळालेल्या कार्डाचा फोटोच लावलाय. जितकी तोंडं तितक्या गोष्टी. आणि ही सगळी मंडळी थंडगार खोल्यांत बसलेली! लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत काय करायचं, ते एकाही शहाण्याने लिहिलेलं नाही.

आई म्हणाली, जेवायला ये, ते मशीन काही पळून जात नाही. मी म्हटलं, पळत नाही हेच तर दुखणं आहे.

१५ एप्रिल

सरकवली पट्टी!! अगदी थोडी. मुकुलने सांगितलं तसं – थोडं वाढवायचं, मग चालवून बघायचं, तापमान बघायचं, मग पुन्हा थोडं. व्होल्टेजला हात लावायचा नाही. स्क्रीनवर ठिपके दिसले की मुकाट्याने मागे यायचं. काही झालं नाही. पंखे तेवढे घोंघावायला लागले.

बाबांनी विचारलं, नक्की काय करतेस? समजावून सांगितलं. ऐकून म्हणाले, "आर टोचली की बैल पळतो गं. पण आपण टोचतोय ते गाडी अडली म्हणून की आपल्याला दम निघत नाही म्हणून, एवढं बघावं."

मास्तर निवृत्त झाले तरी शिकवणं सुटत नाही.

१७ एप्रिल

पार ओलांडला! अडखळत का होईना, पण गिरणीपर्यंत गेले. मी आनंदाने ओरडले आणि बाबांना म्हणते, बघा, पानांच्या सावल्या बघा जमिनीवर! तर बाबा म्हणाले, छान आहे, पण पाय वाजत नाहीत. धुळीत एक आवाज येतो, फरसबंदीवर दुसरा. गिरणीचं पुक् पुक् पाहिजे. रहाट कुरकुरायचा, तो पाहिजे.

मी इथे एकेका पानासाठी रक्त आटवतेय, आणि यांना पायांचे आवाज हवेत! रागच आला. पण केले. गॅलरीत चपला घालून चालले, नंतर अनवाणी चालले, फोनवर रेकॉर्ड केलं. शेजारच्या काकू वाकून बघत होत्या.

१८ एप्रिल

आवाज टाकले. बाबा डोळे मिटून ऐकत बसले. म्हणाले, आता कसं, आता गावात आल्यासारखं वाटतं.

उघडा ना डोळे! त्यासाठीच तर करतेय सगळं.

२१ एप्रिल

गरम. गरम. गरम. दुपारी कार्डाचं तापमान असं चढलं की त्याने आपणच वेग उतरवला. म्हणजे मी पट्टी वर ढकलायची आणि ऊन ती खाली आणणार. उन्हाशी कोण भांडणार?

बिल्डरचं काम पडून आहे. त्याचे दोन फोन घेतले नाहीत.

२२ एप्रिल

सुचलं! इतकं सोपं, आणि इतके दिवस कसं सुचलं नाही? कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं आणि अख्खं कॅबिनेट उचलून कूलरच्या तोंडासमोर ठेवलं. आपला नेहमीचा डेझर्ट कूलर, वाळ्याच्या ताट्यांचा. माणसं ज्याच्यापुढे पडून उन्हाळा काढतात, त्याच्यापुढे कार्डाने का काढू नये? तापमान धाडकन खाली. पट्टी आणखी उजवीकडे! वाळ्याचा वास घेत माझं कार्ड पळतंय.

आई म्हणाली, मग आम्ही कुठे झोपायचं? दोघांनी टेबलफॅनवर भागवलं. वाईट वाटलं, पण फार नाही.

२६ एप्रिल

आपल्या घरापर्यंत पोचले. माळवदाचं घर, वर मातीचं सपाट छत, जाड दगडी भिंती. बाबांनी एकेक सांगितलं – चौकट केवढी, उंबरा किती झिजलेला, भिंतीत देवळी नेमकी कुठे. मी चौकटीपासूनचं अंतर सांगते, ते म्हणतात, अजून हातभर डावीकडे. किती नेमकं आठवतं माणसाला! देवळी रिकामी ठेवलीय. दिव्याचा उजेड भिंतीवर पडला की कार्ड मान टाकतं. तो शेवटी बघू.

अधूनमधून जांभळे ठिपके दिसतात. पट्टी मागे घ्यायला हवी. घेणार नाही!

२७ एप्रिल

किशनकाका आले होते, पुनर्वसनाच्या नव्या गावातून. बाबांचे बालमित्र. त्यांना गाव दाखवलं, आणि नेमके तेव्हाच ठिपके वाढले. पार सगळा जांभळा. काका म्हणाले, "पाराला ह्ये जांभळं काय लावलंय? उरूस हाय का काय गावात?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबा मात्र म्हणाले, छान आलाय पार, अगदी तसाच. माझी बाजू घेतात बिचारे.

पुढे काकांच्या दारापाशी आलो. काका उठून पुढे आले. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "हितं... हितं माझी माय बसायची." आणि रडले. मीही रडले. बाबांनी काकांचा हात हातात घेतला आणि ते समोर बघत राहिले.

आता थांबणार नाही.

२९ एप्रिल

कॉम्प्युटर सुरूच होत नव्हता. कार्ड काढून पाहिलं – सगळ्यावर पांढरं पांढरं. कूलरच्या जाळीवर साठतं ना, नळाच्या तोटीवर साठतं, तेच. बोअरच्या पाण्याचे क्षार! मुकुलला फोटो पाठवला. लगेच फोन आला.

"कूलरसमोर? पाण्याच्या कूलरसमोर?"

बोलणार काय, कपाळ!

३० एप्रिल

सकाळच्या बसने नांदेड. कार्ड सुती ओढणीत गुंडाळून मांडीवर. शेजारच्या बाईंनी विचारलं, देवाचा टाक आहे का? मी हो म्हटलं.

मुकुलने ब्रश आणि स्पिरिटने एकेक कोपरा साफ केला, चिपवरची उष्णता ओढणारी पेस्ट बदलली. शिव्या घालत होता आणि हात मात्र अगदी हलके. म्हणाला, कोरडी हवा चालते, ओलसर खारट हवा नाही चालत. वेग वाढवला म्हणून कार्ड मेलं नसतं, पण त्यावर कूलर म्हणजे... शेवटी चालू झालं. मी टाळ्याच वाजवल्या! दुकानातली माणसं बघायला लागली.

जाताना म्हणाला, "आता कंपनीच्या वेगावरच चालव. सात टक्क्यांत तुझं काय अडून राहिलंय एवढं?"

अडलंय. तुला नाही कळणार. वचन देऊन आले. बसमध्ये खिडकीशी बसून कळलं की पाळणार नाहीये.

२ मे

बाबांची डोळ्यांची तपासणी. मला जायचं होतं, पण बिल्डर घरी येऊन बसला. काय तोंड दाखवणार, मुकाट्याने काम करून दिलं. आईच गेली बरोबर. आल्यावर विचारलं तर म्हणाली, तसंच आहे. आणि भाजी निवडायला बसली. नीट सांगेना.

म्हणजे वाईटच असणार. म्हणजे वेळ कमी!

४ मे

मूळ वेगावर चालवून बघितलं. कार्ड साफ झाल्यापासून पार अडखळत का होईना, ओलांडला जातो. सावल्या थोड्या कमी केल्या तर घरापर्यंतही जाता येतं. म्हणजे मुकुल बरोबर म्हणतो. सात टक्क्यांचा फरक सांगितल्याशिवाय कळतसुद्धा नाही.

पण मग ते गाव तसं दिसत नाही. सावल्या नसलेलं गाव कसलं! बाबा एकदाच बघणार. शेवटचं म्हणून माणसाने डोळ्यांत जे ठेवायचं, ते काय अर्धंमुर्धं ठेवायचं?

कळतं पण वळत नाही. आजोबा हे आईला म्हणायचे म्हणे, स्वयंपाकात मीठ जास्त पडलं की. मी त्यांच्यावर गेले नाही, आईवर गेले.

६ मे

बाबांना विचारलं, सावल्या कमी केल्या तर चालेल? हसले. म्हणाले, तू करशील तसं चालेल. आई मध्येच म्हणाली, "आता बस की देविका, किती जीव काढशील!" कुणाचा, माझा की कार्डाचा, ते काही सांगितलं नाही. एवढं रागावण्यासारखं काय होतं?

८ मे

पूर्ण झालं! वेशीपासून घरापर्यंत आपोआप चालत जाणारा फेरफटका. वेस, पार, डावीकडे गिरणी, विहीर, किशनकाकांचं दार, मग आपलं. सगळी पानं, सगळ्या सावल्या. देवळीत दिवा तेवढा नाही. तेवढं कार्डाला झेपत नाही, तेवढं माफ.

पट्टी शेवटपर्यंत उजवीकडे. फक्त उद्यापुरती. मुकुल, माफ कर.

९ मे

सकाळी बाबांना अंघोळीनंतर समोर बसवलं. धुतलेला सदरा घालून आले होते, खरंच गावाला निघाल्यासारखे. सुरू केलं. पार ओलांडला आणि स्क्रीन काळी झाली. पूर्ण काळी. आवाज मात्र चालू – पावलं, गिरणी, रहाट. मी कीबोर्ड बडवायला हात उचलला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "हं, वळलीस डावीकडे. गिरणीची भिंत अगदी बरोबर आलीय."

काळ्या स्क्रीनकडे बघत.

आई दारात उभी होती. तिने मान हलवली – बोलू नकोस. तिला माहीत होतं. पावलं दगडावर आली, उंबऱ्यापाशी थांबली. बाबा पुढे झुकले. म्हणाले, "देवळीत दिवा लावलास. बरं केलंस."

मी विचारलं, वात मोठी करू का, बाबा?

"नको," म्हणाले. "एवढीच असायची."