खमतखामणा आधी निर्मलला

पुणे, १५ सप्टेंबर १९६७

ती. भिकमभाऊंना जतनचा नमस्कार.

चातुर्मासासाठी आलेली आई मजेत आहे. आठ उपवास करूनही ठणठणीत आहे. वहिनींचा गुडघा कसा आहे?

संवत्सरीचं तुमचं खमतखामणाचं कार्ड मिळालं. वर्षभरात मन, वचन, कायेने दुखावलं असेल तर क्षमा करा, असं त्यावर छापलं आहे. मी करणार नाही.

गेल्या डिसेंबरात इथल्या बुद्धिबळाच्या सामन्यांत आपल्या निर्मलने ओळीने सहा डाव जिंकले. हरलेल्या मुंबईच्या विजेत्याने उठून त्याला मिठी मारली. तीन डाव बाकी असताना तुमची तार आली, 'आई अत्यवस्थ.'

काल आईला त्या दुखण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "कसलं दुखणं बाई? मी तर पापड लाटत होते. भिकम म्हणाला, लाकडाची घोडी पुष्कळ नाचवली, आता दुकानात बसू दे."

धरणगावला निघताना निर्मलने माझ्यासमोर हात जोडून नियम घेतला होता, आई वाचली तर पुन्हा पटाला हात लावणार नाही. हे त्याने तुम्हालाही सांगितलं. तरी 'आता बरी आहे, तिच्यापाशी दुखण्याचं काढू नकोस' असं त्याला बजावून नऊ महिने तुम्ही गप्प बसलात. आपल्या त्यागाने आई वाचली, असं त्या वेड्याला अजून वाटतं.

मी सांगितलं तर त्याला वाटेल, खेळापायी अक्का खोटं बोलते. तो तुमच्याच तोंडून ऐकल्याशिवाय नियम सोडणार नाही. तेव्हा त्याच्याकडे क्षमा मागा, आणि कशाबद्दल तेही सांगा.

आई आशीर्वाद सांगते. मी भाऊबीजेला येते आहे. तोवर तुम्ही बोलला नसाल, तर ओवाळीन ती एकट्या निर्मलला.

तुमची धाकटी,
जतन