कुणाच्या मागावर

बाई, तुमचं घर होतं तिथं आता मोबाईलचं दुकान आहे, त्याच्या वर शिकवणीचा क्लास, आणि त्या क्लासच्या पाटीवर एक अनुस्वार चुकलेला आहे. तुम्ही असता तर रस्त्यातूनच हाक मारून ती पाटी खाली उतरवायला लावली असती. मी तुमच्या चौथीतली. तिसऱ्या रांगेत, खांबाला टेकून बसणारी, जिला तुम्ही ‘तोंडाळ’ म्हणायचात. तोंड अजून तसंच आहे, बाकीचं सगळं झिजलं. गेल्या महिन्यात आमच्या घरात एक गोष्ट घडली आणि ती वह्या तपासण्याची आहे. वह्या तपासण्यातलं कळणारं माणूस माझ्या ओळखीत तुम्हीच एक होता, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. चौथीच्या पुढं शिकले नाही तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं तुमचं तुम्ही बघून घ्या.

माझी नात मास्तरीण आहे. सहावीला मराठी शिकवते, सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत. वर्गात अठ्ठेचाळीस पोरं, त्यातली बरीचशी विणकरांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी आणि शाळेत मराठी. तुमच्या वेळी मास्तरणीनं शिकवायचं आणि तपासायचं एवढंच काम होतं. हिला त्याशिवाय माहिती भरायची असते, फोटो पाठवायचे असतात, कुणाकुणाच्या मिटिंगा असतात. वह्यांचे गठ्ठे घरी यायचे आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी फतकल मारून ती तांबडं पेन चालवत बसायची. ताटातली कडक भाकरी तशीच राहायची. मग तिनं फोनमध्ये एक यंत्र घेतलं. यंत्र म्हणजे दिसायला काही नाही बाई, त्याला लिहून विचारायचं आणि ते लिहून उत्तर देतं, माणसासारखं. लई गोड बोलतं. पहिल्यांदा तिनं त्याच्याकडून चाचणीचा पेपर काढून घेतला. चहा उकळेपर्यंत पेपर तयार. सोपे प्रश्न, मधले प्रश्न, अवघड प्रश्न, कुठल्याला किती गुण आणि का, सगळं मांडून. खोटं कशाला बोलू, पेपर चांगला होता. फक्त एक प्रश्न होता, ‘तुमच्या परिसरातील नदीकाठच्या सहलीचे वर्णन करा.’ मी म्हटलं, आमच्याकडं पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं, त्याचंच वर्णन लिहा म्हणावं, सहलीपेक्षा जास्त गर्दी असते. ती हसली आणि तो प्रश्न काढून टाकला.

पेपरावरून गाडी तपासण्यावर गेली. वहीच्या पानाचा फोटो काढायचा, यंत्राला दाखवायचा. ते पोरांचं अक्षर वाचतं, गुण देतं आणि चार ओळींचा शेरा लिहितं. हिनं ते शेरे शाळेत छापून घेतले, पट्ट्या कापल्या आणि डिंकानं वहीत निबंधाखाली चिकटवल्या. दोन दिवसांचं काम दोन तासांत. पहिल्या खेपेला तिनं प्रत्येक शेरा वाचून बघितला होता. एका मुलीची चुकलेली वेलांटी हिच्या नजरेतून सुटली होती, ती त्यानं धरली. मग विश्वास बसला, आणि विश्वास बसला की माणूस बघायचं सोडतं.

तो रविवार होता आणि पाणी यायचा वारही होता. दुपारचं घागरी-बादल्या रांगेनं मांडून मी शेंगा निवडत बसले होते. शेजारी वह्यांचा गठ्ठा. मला वाचायची खोड तुम्हीच लावलीत, पुडीचा कागदसुद्धा मी उलगडून वाचते. वरची वही उघडली. बोटानं ओळ धरून वाचते मी, त्यामुळं एकही शब्द सुटत नाही. विषय होता, ‘माझ्या घरातील एक व्यक्ती आणि तिचे काम’. विषयही त्या यंत्रानंच सुचवलेला, आणि बरा होता. मुलीनं लिहिलं होतं, ‘माझे आजोबा तीस वर्षे मागावर होते. त्यांच्या कानाला कमी ऐकू यायचे म्हणून आम्ही घरात सगळे मोठ्याने बोलतो. मागच्या वर्षी आजोबा मागावरच गेले. तेव्हा माग कोणी बंद केला नाही. कांडी संपली तेव्हा तो थांबला.’ एवढंच. आमच्या ह्यांनीही उभी हयात मागावरच काढली, कानाला तसंच झालं होतं, आणि आमच्याही घरात अजून सगळे ओरडूनच बोलतात. मी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

खाली पट्टी चिकटवलेली. दहापैकी पाच. ‘लेखनात रहस्य छान निर्माण केले आहे! मात्र आजोबा कोणाच्या मागावर होते, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. ते कोठे गेले, तेही लिहावे. पुढील वेळी घटनाक्रम नीट मांडावा. छान प्रयत्न!’ दोनदा वाचलं मी. मला वाटलं माझंच डोकं चालेना. मग दिसलं की पट्टीच्या खाली पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, मुलीनं उत्तर लिहिलंय. ‘ते कोणाच्या मागावर नव्हते. ते माग चालवत होते. ते कुठे गेले नाहीत, वारले.’ पान उलटलं. पुढच्या निबंधाचा नुसता विषय लिहिलेला आणि खाली पान कोरं. त्याच्यापुढचंही विषय आणि कोरं. पोरीनं लिहायचं सोडलं होतं, आणि ते दोन निबंध अजून तपासायला घेतलेले नव्हते म्हणून तिच्या मास्तरणीला त्याचा पत्ता नव्हता.

आता तुमचं सांगते. तुम्ही कोकणातल्या, लग्न होऊन सोलापुरात आलेल्या. आमची भाषा तुम्हाला निम्मी कळायची नाही आणि तुमची आम्हाला. चौथीत तुम्ही ‘माझी आई’ लिहायला दिलं. मी लिहिलं, ‘माझी आई कांड्या भरते.’ तुम्ही तपासताना मध्येच थांबलात, मला टेबलापाशी बोलावलंत आणि विचारलंत, “कांड्या म्हणजे काय गं?” सगळा वर्ग हसला. बाईंना कांडी माहीत नाही. तुम्ही टेबलावर पट्टी आपटलीत आणि म्हणालात, “हसू नका. मला माहीत नाही म्हणून विचारते आहे. सांग तू.” मी काय सांगणार, हातवारे केले. दुसऱ्या दिवशी घरातून सुतानं भरलेली एक कांडी आणून तुमच्या टेबलावर ठेवली. ही धोट्यात बसते, धोटा मागात पळतो, मग कापड होतं, असं सांगितलं. तुम्ही ती हातात घेऊन फिरवून बघितलीत. आणि तरी अर्धा मार्क कापलात. म्हणालात, “वाचणाऱ्याला माहीत नसेल असं वाटलं तर एक वाक्य जास्त लिहायचं. आळशी.” त्या अर्ध्या मार्काचा राग मला कितीतरी वर्षं होता. ती कांडी मात्र तुम्ही परत दिली नाहीत, हजेरीचं पान उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवायचात.

तुम्ही मायाळू वगैरे होता असं मी कुणाला सांगत नाही. पट्टीचे वळ माझ्या बोटांना माहीत आहेत. पण चूक सापडली की तुम्ही ती दुरुस्त करून द्यायच्या नाहीत. समासात एक बारीक गोल काढायचा आणि म्हणायचं, “शोध.” मग आम्ही ती ओळ चाळणीतून काढायचो. आणि मी चौथीनंतर यायची बंद होणार हे कळल्यावर तुम्ही आमच्या घरी आलात, दारात चपला काढून उभ्या राहिलात. मी आईच्या शेजारी रहाटावर कांड्या भरत होते. तुम्ही बराच वेळ नुसतं बघितलंत. मग आईला म्हणालात, “परीक्षेपुरती तरी पाठवा.” आईनं पाठवली. पास झाले आणि रहाटाशी येऊन बसले, ती तीन पोरं होईपर्यंत उठले नाही.

नात मधल्या खोलीत केस विंचरत होती. मी वही तिच्या मांडीवर ठेवली.

“हे वाचलंस का?”

“आज्जी, अठ्ठेचाळीस वह्या आहेत गं. सोमवारी द्यायच्यात.”

“अठ्ठेचाळीस न्हाय, एकच वाच.”

तिनं वाचलं. पट्टी वाचली. खालची पेन्सिल वाचायला तिला खिडकीपाशी जावं लागलं. तोंड उतरलं तिचं, पण मी काही सोडणारी नव्हे. “तुजा आज्जा कुनाच्या मागावर हुता गं? पोलिसात हुता का?”

“आज्जी, पुरे.”

“न्हाय, सांग की. चाळीस वर्सं मागावर हुता, शेवटपर्यंत घावलं न्हाय वाटतं कोन.”

“त्याला ‘माग’ कळला नाही,” ती म्हणाली. “त्याच्या दृष्टीनं वाक्याचा तोच अर्थ होतो. पुस्तकातसुद्धा ‘मागावर असणे’चा तोच अर्थ दिलाय.”

“त्याला न्हाय कळला, व्हय. त्याचा बाप कुटं मागावर हुता? तुला कळतो की.”

ती खाली बसली. रडली वगैरे नाही, माझ्यावर गेलीय. म्हणाली, “वाचलं असतं तर कळलंच असतं गं. मी वाचलंच नाही. छापून आलं आणि चिकटवलं.” मग पुढची कोरी पानं तिनं स्वतःच उलटली, एक, दोन, आणि वही मिटली. तेवढ्यात नळ आला आणि आम्ही दोघी उठलो. पाणी भरून झाल्यावर तिनं सगळा गठ्ठा पुढं ओढला आणि पहिल्यापासून वाचायला बसली. त्या पट्टीचं टोक धरून ती काढायला गेली तर डिंकाबरोबर खालचा कागदही आला आणि वरच्या ओळीतली ‘कांडी संपली’ ही अक्षरं फाटली. मी म्हटलं, राहू दे, ओढू नकोस, फाटलंय ते फाटलेलंच दिसू दे. मग तुमच्या गोलाचं तिला सांगितलं, कांडीचंही सांगितलं. अर्ध्या मार्काचंही सांगितलं, कारण खरं सांगायचं तर त्या यंत्रानंही तेच मागितलं होतं जे तुम्ही मागितलंत, म्हणजे नीट कळेल असं लिही. फरक एवढाच की तुम्ही विचारून थांबलात आणि मी कांडी आणेपर्यंत मार्क दिला नाहीत. नात ऐकत होती. तिनं फाटक्या जागेशेजारी समासात एक बारीक गोल काढला आणि लिहिलं, ‘हे माझ्याकडून फाटले. आजोबांचा माग कसा होता? मला वाचायचे आहे.’ पाच खोडून तिनं काहीच लिहिलं नाही, जागा मोकळी ठेवली.

सोमवारी तिनं वर्गात विचारलं, माग म्हणजे काय ते कुणाकुणाला माहीत आहे. तीसेक हात वर झाले. एक कार्टी म्हणाली, “बाई, तुमाला माग म्हाईत न्हाय व्हय?” आणि ही म्हणाली, “मला माहीत आहे. माझे आजोबाही मागावर होते. पण मी तुमचे निबंध न वाचता शेरे चिकटवले.” हे तिनं वर्गात बोलायला नको होतं, असं मी तिला म्हटलं. मास्तरणीनं चूक कबूल केली की पोरं डोक्यावर बसतात. ती म्हणाली, बसू देत. त्या मुलीनं वही घेतली, वर बघितलंही नाही. मंगळवारी वही आली नाही. बुधवारीही नाही. ह्या दोन दिवसांत मी नातीला एक टोमणा मारला नाही, यावरून ओळखा.

गुरुवारी वही आली. दीड पान. माग कसा होता, कोणत्या पेठेतल्या शेडमध्ये होता, आजोबा दोन माग एकदम कसे सांभाळायचे, धोट्याचा आवाज बदलला की पाठ असूनही त्यांना कसं कळायचं. कान गेलेल्या माणसाला ते कळायचं, हे तिनं लिहिलंय. मध्ये दोन शब्द तेलुगूतले, ‘पडुगू’ आणि ‘पेका’. नातीनं फोन हातात घेतला होता विचारायला. मग ठेवला आणि त्या शब्दांभोवती गोल काढून लिहिलं, ‘म्हणजे काय?’ दुसऱ्या दिवशी मुलीनं येऊन तोंडीच सांगितलं, उभे धागे आणि आडवे धागे. मला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, पण मी गप्प बसले. दीड पानाच्या शेवटी त्या मुलीनं एक ओळ लिहिलीय, ‘आता कळले का?’ ही पोरगी माझ्या वळणाची आहे. नातीनं तिला दहापैकी नऊ दिले. अर्धा-अर्धा करत एक मार्क कशाला कापला ते मी विचारलं नाही.

पेपर अजून फोनच काढतो. नात म्हणते, त्यात तो हुशार आहे, आणि तिचं खरं आहे. शेरेही त्याच्याकडून सुचवून घेते कधीकधी, पण वही आधी स्वतः वाचते आणि शेरा हातानं लिहिते. गठ्ठे पुन्हा उंबऱ्यापाशी येऊन पडलेत. भाकरी पुन्हा तशीच राहते.

एक सांगायचं राहिलं. हे पत्र मी नातीच्या जुन्या चाचणी पेपरांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय आणि ते रेशनकार्डाच्या पिशवीत जाईल, कारण टपालवाला तुमच्यापर्यंत येणार नाही. तेव्हा लिहायला हरकत नाही. नातीला, “तपासायचं बी त्या फोनलाच लाव की, वाचत कशाला बसतीस,” असं पहिल्यांदा म्हणाले ती मी. एकदा नाही, आठवडाभर म्हणत होते. तिच्या डोळ्यांची काळजी होती असं ती समजते. तसं काही नव्हतं. संध्याकाळची मालिका मला एकटीला बघायचा कंटाळा येतो, एवढंच होतं. त्या रविवारी मी तिला पोलिसावरून बोलले, वह्यांवरून बोलले, एवढं मात्र बोलले नाही. तुमचा गोल कुठं पडायला पाहिजे ते मला दिसतंय बाई. नातीला अजून सांगितलेलं नाही.