तुमचं माहेर मी सांगून बसले

प्रिय अहो,

नावाने कधी हाक मारली नाही, मग आता पत्रात तरी कशाला? चार वाजलेत. पाचला तुमच्या कीटकभक्षी झाडांच्या मंडळाची मीटिंग आहे, आपल्याच हॉलमध्ये, आणि मला एका जागी बसवत नाहीये. दोनदा चहाचं आधण ठेवलं, दोनदा गॅस बंद केला. आधी तुम्हाला सांगितल्याशिवाय त्यांना तोंड दाखवता येणार नाही.

रिटायर झाल्यावर लोक माश्या मारत बसतात. तुम्ही तेही काम झाडांवर सोपवलंत! नौपाड्यातली ही एवढीशी गॅलरी, तीत घटपर्णीच्या कुंड्या आणि एसीच्या पाण्याच्या बाटल्या. "नळाचं पाणी घालू नकोस गं, क्षारांनी मरतील." तुम्ही गावी गेलेलात तेव्हा मी घातलंच. दोन कुंड्या गेल्या. तुम्ही रिकाम्या कुंड्या धुऊन ठेवल्यात. ओरडायचं होतंत हो!

आणि ते तुमचं माहेर! दवबिंदूची, चिकट थेंबांनी किडे धरणारी रोपं जिथे रानात आपली आपण उगवतात, त्या जागेला तुम्ही मंडळी माहेर म्हणायचात. तिचं नाव लिहायचं नाही, ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. "रविवारी माहेरी जातोय," असं फोनवर बोललात की मी फणकारायचे, "बाई मी, आणि माहेरी तुम्ही!" मग एका वर्षी मलाही नेलंत. ओल्या कातळावर गुडघे टेकून नखाएवढी लाल रोपं दाखवलीत. "सबनीस आणि मी, दोघांनाच ठाऊक आहे. आता तू तिसरी." किती मिरवले मी मनातल्या मनात!

तुमचं तेरावं झाल्यावर एक गृहस्थ भेटायला आले. येणारे सगळे मला धीर धरा म्हणत होते, तुमच्या झाडांबद्दल कोणी काही विचारत नव्हतं. यांनी विचारलं. "काकू, काकांचं माहेर कुठे होतं हो?"

शब्द ठाऊक आहे म्हणजे घरचाच माणूस, नाही का? मी सगळं सांगितलं. कुठल्या फाट्याला वळायचं, कुठल्या तळ्यापाशी चढायचं. कागदावर नकाशासुद्धा काढून दिला!

गेल्या रविवारी सबनीस भावजी तिथे जाऊन आले. नुसते खड्डे. मातीसकट उचलून नेली हो सगळी रोपं.

आता मंडळ म्हणतंय, जागा दोघांनाच माहीत होती, त्यातला एक गेला, म्हणजे फोडली सबनीसांनीच. आज त्यांना काढायचं ठरलंय. काल डोंबिवलीहून फोन आला त्यांचा. "वहिनी, मी नाही हो." मी म्हटलं, "माहीत आहे मला, भावजी." एवढंच! पुढचं जिभेवर आलेलं गिळलं. माझी मलाच लाज वाटतेय.

तुम्हीही कमालच केलीत. एवढं गुपित माझ्या ओटीत टाकलंत, आणि ते सांभाळायची सवय व्हायच्या आत निघून गेलात.

सबनीस म्हणतात, बी मातीत उरलं असेल, पुढच्या पावसात एखादं रोप दिसेलही. दिसू दे.

जिन्यात खोकला ऐकू येतोय. तेच आलेत, सगळ्यांच्या आधी. चहा नंतर. आधी त्यांना सांगते, मग सगळे जमले की पुन्हा सगळ्यांसमोर सांगते. शब्द देते तुम्हाला.

आणि यापुढे कोणी कितीही गोड विचारू दे. बघा, तुम्हालाच लिहितेय, तरी पत्रभर जागेचं नाव काढलेलं नाही.

तुमची,
तिसरी